ड्रायव्हर भावजी आन कंपुटरवरची गाडी

त्या दिवशी ओसरीत आमी चौघं हुतो. खाटंवर भावजी, मंजी माझ्या मालकाचे धाकले भाऊ. त्यांच्या पुढ्यात कंपुटरच्या वायरी जोडनारी माझी सून वैशाली. उंबऱ्यावर शेजारचा गोरख. आन खाटंच्या मागं, भिताडाला टेकून मी. भावजींनी मांडीवरच्या स्टेरिंगला हात लावला, मान वळवून मागं बगितलं आन इचारलं, "बसली का समदी?"

मी म्हनले, "बसली. हाना."

गोरख हसला, वैशाली बी हसली. मला काय त्याचं नवल वाटलं न्हाई. ह्यो सवाल मी निम्मा जन्म ऐकलाय. भावजी उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर हुते. दसरा झाला की आमची ऊसतोडीची टोळी त्यांच्या ट्रॉलीत बसायची आन श्रीगोंद्याकडं कारखान्याला निघायची. भांडी, सरपन, शेळ्या, तान्ही लेकरं, समदं ट्रॉलीत. बायांमधी मी थोरली, म्हनून जबाब मी द्यायचा. मी "बसली" म्हनल्याबिगर त्यांनी गाडी कधी हलवली न्हाई. एकदा मुकादम खाली हुबा राहून वरडला, "किती येळ लावतो रं?" तर भावजी शांतपनी म्हनले, "ऊस सांडला तर परत भरीन. मानूस कसा भरू?"

त्यांचं गाडी चालवनं बी तसंच. मागं दोन ट्रॉल्या आसल्या की वळनावर आदी लांब घ्यायचं, मंग हळूच आत यायचं. न्हाई तर मागची ट्रॉली आतनं कापत येती आन उलटती. मागं मोटरसायकलवाली पोरं हॉर्न बडवायची. भावजी हात बाहेर काढून म्हनायचे, "जा रं बाबा फुडं, तुला घाई हाय." त्यांना कुनी मागं टाकल्याचा राग आला, आसं मी बगितलं न्हाई.

माझे मालक फडातच तापानं गेले. पोरगं माझं रांगत हुतं. एकटीच्या हातानं कोयता चालत न्हाई, जोडी लागती. मंग भावजी गाडी रिकामी आसली की माझ्या जोडीला ऊस तोडायचे, आन गाडी भरली की स्टेरिंगवर. लगीन केलं न्हाई. मी लई मागं लागले तवा म्हनले, "माझ्या गाडीत जागा कुठं हाय, वयनी? तुमीच एवढं सामान भरून ठिवलंय." माझं पोरगं त्यांनी मोठं केलं, त्याचं लगीन लावलं, तवा वैशाली घरात आली. पोरगं आता पुन्याला कामाला आसतं.

एका साली भरल्या गाडीवर चढून दोर आवळत हुते. दोर तुटला आन भावजी पाठीवर पडले. कमरंखालचं अंग गेलं ते गेलंच. दवाखान्यात मी रडले न्हाई, ते बी रडले न्हाईत. एवढंच म्हनले, "गाडी भरलेली हाय. कुनी तरी न्हेऊन कारखान्यावर घाला, ऊस वाळंल." तवापासनं ते खाटंवर. मी त्यांचं पानी, अंथरून, समदं केलं. त्यांनी माझं लेकरू संबाळलं हुतं, मंग मी त्यांना संबाळलं. त्यात सांगन्यासारखं काय न्हाई.

वैशाली हितंच आमच्या तिसगावात ऑनलाइन फार्म भरायच्या दुकानात कामाला जाती. भावजींच्या पाठीला जखम झाली तवा तीच त्यांना गाडी करून नगरला घिऊन गेली. दवाखान्याच्या शेजारी खेळायच्या मशिनींचं दुकान हुतं. त्यात एक शर्यतीचं मशीन, त्याला खरी सीट आन खरं स्टेरिंग. पडद्यावर रस्ता पळतोय, वळनं येत्यात, डोंगर येतोय. भावजी म्हनले, "वैशे, थांब जरा." चाकाच्या खुर्चीतनं बगत ऱ्हायले. त्यातला घाट आमच्या करंजीच्या घाटासारखाच, एका अंगाला कडा आन एका अंगाला दरी. पन त्याला रेस द्यायची पायानं. दुकानवाला बगत हुता, त्यो म्हनला, "काका, हाच गेम घरच्या कंपुटरवर येनार हाय. तिथं पाय लागत न्हाई. रेस बटनावर, ब्रेक बटनावर."

घरी आले ते दारातनंच म्हनले, "वयनी, मी परत गाडी चालवनार हाय."

"कुनाची?"

"कंपनीची. येनार हाय. तवर थांबायचं."

दुकानात नवा कंपुटर आला तवा जुना वैशालीनं घरी आनला. तिच्या भावानं पुन्याहून वापरलेलं स्टेरिंग धाडलं. भावजींनी त्ये जेवायच्या पाटावर पक्कं बांधून घेतलं, पाट मांडीवर घ्यायचा की झाली गाडी तयार. खोबरेल तेलाचं बोट लावून रोज पुसायचे. गाडीच तेवढी यायची ऱ्हायली.

वैशाली भावजींना नाना म्हनती. ती कामावरनं आली की त्यांचा पैला सवाल, "आला का गं?" ती मोबाईलवर बगायची, कंपनीचं काय लिवून आलंय ते. "नाना, दिवाळीला येणार म्हणतात." दिवाळी गेली. "संक्रांतीला म्हणतात." संक्रांत गेली, मंग पाडवा. गोरख येता जाता इचारायचा, "काय ड्रायव्हर, गाडी कुठवर आली?"

"घाटात हाय," भावजी म्हनायचे. "लोड हाय तिला. तुझ्यासारखी रिकामी न्हाई."

वैशालीला वाईट वाटायचं. तिला वाटायचं ही कंपनी फसवती म्हाताऱ्या मानसाला. तर भावजीच तिची समजूत घालायचे. "कारखान्याचा बॉयलर पेटायची तारीख बी आशीच सरकती. पेटतो का न्हाई शेवटाला?" आन खरंच, त्यांना थांबायची सवयच हुती. कारखान्याच्या गाडीतळावर ट्रॅक्टरची ही लांब रांग आसती. नंबर लागस्तवर दोन दोन दीस ट्रॉलीखाली झोपायचं, तिथंच भाकर खायची, पन रांग सोडायची न्हाई. रांग सोडली की नंबर गेला. भावजी म्हनायचे, "मी नंबर लावलाय. मी काय हालत न्हाई."

पन अंग ऐकना. जखम भरंना, लघवीचा त्रास वाढला, हाताला कापरं सुटायला लागलं. डॉक्टरनं वैशालीला बाजूला घिऊन सांगितलं की किडन्या थकल्यात, आता फार दीस धरू नका. ती मला चुलीपाशी सांगत हुती. भावजींचे कान लई तिखट. खाटंवरनं म्हनले, "वैशे, डॉक्टरला सांग, माझ्या फुडं आनखी एक गाडी हाय. ती खाली झाल्याशिवाय मी जात न्हाई." मी म्हनले, "भावजी, चहा घ्या." रोज त्यांच्या हाताला तेल चोळायला लागले. स्टेरिंग धरायला हात पायजे हुते.

आन मंग एक दिवशी गेम आला. वैशालीनं दुकानातल्या कंपुटरमधलं काय काय काढून घरच्यात घातलं, दुकानमालकाला इचारूनच. मधी लाईट गेली, परत आली. सांज व्हायच्या आत पडद्यावर रस्ता दिसला. तवाच भावजींनी मान वळवून इचारलं, बसली का समदी.

सुरू झाली शर्यत. दुसऱ्या गाड्या सूं करून गेल्या. भावजी डाव्या कडंनं, झोकात. वळन आलं की लांब घ्यायचे, मंग हळू आत. मागनं गाडी आली की स्टेरिंगवरनं एक हात काढून तिला "जा" म्हनायचे. पडद्यातल्या गाडीला. वैशाली म्हनली, "नाना, शर्यत आहे ही. पळवा ना."

"मागं मानसं हायती," भावजी म्हनले.

शेवटचा नंबर आला. भावजी खूश. गाडीला खरचटलं सुदीक न्हाई. दुसऱ्या दिवशी बी शेवटचा, तिसऱ्या दिवशी बी. पन घाट काय येईना. वैशालीनं वाचून सांगितलं की पैला रस्ता जिंकल्याबिगर घाटाचा रस्ता उघडतच न्हाई. भावजींचं तोंड तेवढ्यापुरतं उतरलं. घाटासाठीच तर एवढे दीस काढले हुते. वैशाली म्हनली, "आणा इकडं, मी जिंकून देते." तर म्हनले, "दुसऱ्यानं चढवलेल्या गाडीत मी बसत न्हाई." गोरखनं डिवचलं, "ड्रायव्हर, हितंच मुक्काम का काय?" भावजींनी स्टेरिंगला तेलाचं बोट लावलं.

मी भिताडापासनं उठले. गोरखला उंबऱ्यावरनं उठवलं, वैशालीला बाजूला घेतलं आन तिघं जनं खाटंच्या म्होरं, कंपुटरच्या शेजारी जाऊन हुबे राहिलो. भावजींनी मान मागं वळवली. मागं भिताड.

"बसली का समदी?" त्यांनी सवयीनं इचारलं.

मी म्हनले, "न्हाई. आज समदी उतरलो. शेळ्या बी उतरवल्या. गाडी रिकामी हाय, भावजी. पळवा."

त्यांनी माझ्याकडं बगितलं. मंग आसं हसले की मला माझ्या लग्नातला शेंबडा धाकला दीर दिसला. आन काय गाडी हानली म्हनता. वळनं कापली, दोन गाड्यांच्या मधनं घातली, एकीला तर धक्का मारून रस्त्याखाली ढकलली आन वर म्हनले, "सरक की रं." गोरख टाळ्या वाजवत हुता. पैला नंबर आला.

घाट उघडला. वैशाली म्हनली, "नाना, लावू का?" ते म्हनले, "थांब, आदी ह्यांना बसू दे." आमी तिघं परत मागं जाऊन बसलो. मी म्हनले, "बसली." आन भावजींनी आमाला त्यो घाट चढवला, इतका हळू, इतका निवांत, की कंपुटरनं येळ संपली म्हनून गाडी बंद केली. तरी ते दुसऱ्या दिवशी परत चढले. दिवाळीपातुर रोज एकदा घाट, हात चालंल तेवढा. मंग एका सकाळी चहा अर्धा घेतला, कप मला दिला आन गेले.

मी तिसरी शिकलेली. ह्ये मी सांगती आन वैशाली टाईप करती. कंपुटर आमच्यात नुसता झाकून हाय. तुमच्या गावात, वळखीत, ज्याचे हात हायती पन पाय न्हाईत आसं कुनी खाटंवर आसलं, तर तिसगावात या आन ऊसतोडीवाल्या ड्रायव्हरचं घर इचारा. कंपुटर, स्टेरिंग, पाट, समदं न्ह्या. पैसं बियसं काय नको. फकस्त येनार आसला तर लवकर या, त्या मानसाला ताटकळत ठिवू नका.