ताईचा फोनवरचा आवाज

माझी थोरली बहीण एका खाजगी कॉलेजच्या प्रवेश विभागात चार वर्षं होती. काम सोपं होतं. कानाला हेडफोन लावायचा, यादीतल्या मुलांना फोन करायचे, प्रवेश घ्यायला राजी करायचं. तिचा आवाज मूळचाच मऊ. ऑफिसात तिला ‘मलई’ म्हणायचे. कॉलेजात एक्स-रे काढायचं शिक्षण मिळायचं, निदान जाहिरातीत तरी. फी भरमसाठ, त्यामुळे बहुतेक मुलं सरकारी शैक्षणिक कर्ज काढायची.

मग एके सकाळी कॉलेजच्या फाटकाला कुलूप दिसलं. मालक गायब. कॉलेजच्या प्रमाणपत्राला कुठलंही हॉस्पिटल विचारत नव्हतं. मुलं रस्त्यावर आली, कर्ज मात्र डोक्यावर तसंच राहिलं. ताईला चष्म्याच्या दुकानात नोकरी मिळाली.

एका दुपारी एक मुलगी आईला घेऊन दुकानात आली. ताईने आईच्या नाकावर फ्रेम ठेवली आणि विचारलं, “जवळचं नीट दिसतंय ना?”

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. “तुम्ही त्या कॉलेजातल्या मॅडम ना? आवाज ओळखला मी. नोकरीची हमी आहे, असं तुम्हीच सांगितलं होतं मला.”

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगी मात्र चिडली नाही. ती आता एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते, हे तिने अगदी सहज सांगितलं. फसलेल्या मुलांचं कर्ज माफ करायला सरकारने अर्ज मागवले होते, तिनेही एक भरला होता. “पण कॉलेजने खोटं सांगितलं, याचा पुरावा मागतात. सगळं फोनवरच झालेलं. पुरावा कुठून आणू?”

ताई म्हणाली, “बघते.” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

चार दिवस तिला घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. मुलांशी काय बोलायचं, हे पहिल्याच दिवशी छापून दिलेलं होतं. ‘शंभरातल्या नव्वद जणांना नोकरी.’ खाली व्यवस्थापकाची सही.

“मग दे ना तिला,” मी म्हणाले.

“दिला की विचारतील, हे खोटं असल्याचं तुला कधी कळलं म्हणून.” ती खाली बघत होती. “दुसऱ्याच वर्षी कळलं होतं मला. तरी फोन करत राहिले. प्रत्येक प्रवेशामागे वर पैसे मिळायचे.”

ते पैसे कुठे गेले, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. माझ्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी तेव्हा तीच भरत होती. मी मान वर करू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दोघी मोफत कायदा सल्ला केंद्रात गेलो. तिथल्या वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, “हा उपयोगी पडेल. पण तुमचा जबाब लागेल. हे खोटं आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? नीट विचार करून सांगा, तुमच्यावरही चौकशी बसू शकते.”

“माहीत होतं,” ताई म्हणाली. आणि तिने जबाबाखाली सही केली.

चौकशी झाली. तिला दोनदा बोलावलं, तासन् तास बसवून ठेवलं, शेवटी सोडून दिलं. दुकानात कुजबुज व्हायची ती झालीच. वर्षभराने निकाल लागला. अर्ज केलेल्या एकशे चाळीस मुलांचं उरलेलं कर्ज रद्द झालं. भरलेले हप्ते मात्र परत मिळाले नाहीत. ज्यांना अर्जाची खबरच लागली नव्हती, ते तसेच राहिले.

ती मुलगी हे सांगायला मुद्दाम दुकानात आली. ताईने तिला बसायला खुर्ची दिली, ती बसली नाही.

“तुमच्या कागदामुळे झालं, असं वकीलबाई म्हणाल्या,” ती म्हणाली. “माझं कर्ज माफ झालं. तुम्हाला मी माफ केलंय का, ते मलाच कळत नाही अजून.”

“नको करूस,” ताई म्हणाली. “कर्जाचं सांगायला तू आली नसतीस तरी चाललं असतं.”

मुलीने पिशवीतून आईचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला. दांडी सैल झालीय म्हणाली. ताईने बारीक पेचकस घेतला आणि खाली मान घालून स्क्रू आवळायला लागली.