वस्ती कशी आहे?

डोंबिवलीतली बातमी मला बर्मिंगहॅमहून कळली. टिटवाळ्याच्या या नव्या घरात मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. फोन वाजला, केदारचं नाव दिसलं आणि मी नेहमीसारखी सुरू झाले, काय रे, आज ऑफिसला दांडी का, सूनबाई काय म्हणते... त्याने मला बोलू दिलं. मग म्हणाला, "मावशी, आई गेली. तू जाशील का तिथे?" मंजुळा दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. शेजारणीने बेल वाजवून वाजवून शेवटी तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि आधी मुलाला कळवलं. बरोबरच केलं. पण टिटवाळा ते डोंबिवली अंतर ते केवढं, आणि बातमी अर्धी पृथ्वी फिरून माझ्याकडे आली, याचाही मला राग आला. कुणावर काढणार? मंजुळावरच. एक फोन तरी करायचास, बये... असं मी रिक्षात मोठ्याने म्हणाले असणार, कारण रिक्षावाल्याने वळून बघितलं. आता महिना होऊन गेलाय. राग उतरलेला नाही. चाळीस वर्षांची मैत्रीण न सांगता गेली तर माणसाने रागवायचंही नाही की काय?

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन डोंबिवलीच्या त्या सोसायटीत आलेलो. तेव्हा नवी सून आली की चहाच्या कपाबरोबर एक प्रश्न यायचा, मूळच्या कुठल्या? मी रत्नागिरीची म्हटल्यावर सगळ्यांच्या माना डोलल्या, आडनावावरून उरलेलं कळलं. मंजुळाला विचारलं तर ती म्हणाली, कोलशेतची. ते झालं हो आत्ताचं, मूळच्या कुठल्या, असं दोन-दोनदा विचारून झालं. तेव्हा ही बाई कप खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "मूळचीच कोलशेतची. ठाण्याच्या खाडीवर आमचं कोळ्यांचं घर. इकडे तुम्ही सगळे नंतर आलात." बायका कप गोळा करायला लागल्या. मला मात्र ती त्याच क्षणी आवडली. तिचा नवरा साताऱ्याकडचा, कंपनीत कामाला, स्वभावाने गरीब गाय. तो लवकर गेला. मंजुळा ठाण्यात प्राथमिक शाळेत शिकवायची. रंगाने काळीसावळी, तरतरीत, आणि हसली की आख्ख्या जिन्याला कळायचं. रविवारी माहेरून निवट्या, खाडीच्या चिखलातले मासे, आणायची आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेऊन रस्सा करायची. मी तिला म्हणायचे, खिडकी लावून वास अडतो होय गं? ती म्हणायची, वास अडत नाही, बोलणी अडतात. ती लहानपणी ठाण्याच्या शाळेत यायची तेव्हा वर्गात खाडीवरची ती एकटीच. ती आली की मुली नाक धरायच्या, म्हणायच्या, म्हावरं आलं. हे तिने मला आमच्या मैत्रीला वीस वर्षं झाल्यावर सांगितलं, तेही वाटाणे सोलता सोलता.

आपल्याकडे घर घ्यायचं ठरलं की पाणी, लिफ्ट, स्टेशन हे सगळं नंतर. आधी आवाज जरा खाली आणून विचारायचं, वस्ती कशी आहे? म्हणजे काय, ते विचारणाऱ्याला ठाऊक असतं नि सांगणाऱ्यालाही. "चांगली आहे, सगळे आपल्यातलेच" हे उत्तर मिळालं की निम्मा व्यवहार झालाच. मंजुळाला हा प्रश्न भारी आवडायचा. कुणी नवं घर घेतलं की ती मुद्दाम विचारायची आणि उत्तर ऐकून मला कोपर मारायची.

केदार तिचा एकुलता एक. शिकायला म्हणून इंग्लंडला गेला, तिथेच रमला आणि अबेनाशी लग्न केलं. अबेनाचे आईवडील घानाचे, ती स्वतः बर्मिंगहॅममध्ये जन्मलेली, काळीभोर, उंच, देखणी. सोसायटीत कुजबुज व्हायला कितीसा वेळ लागतो! मुलगी आफ्रिकेची ना, असं कुणीतरी जिन्यात विचारलं. मंजुळा म्हणाली, नाही हो, बर्मिंगहॅमची, मूळची. आणि वर येऊन माझ्याकडे पोट धरून हसली. मग रेवा झाली. रंग आईचा, डोळे आजीचे. केदार तिच्याशी घरात हट्टाने मराठीच बोलायचा. फोनवर नातीने पहिल्यांदा "आजी, जेवलीस?" म्हटलं त्या दिवशी मंजुळाने सोसायटीत पेढे वाटले. कसले विचारल्यावर म्हणाली, मराठीचे.

रेवा पाच वर्षांची असताना ते सगळे दिवाळीला आले. तळमजल्यावरच्या कुमुदकाकू प्रेमळ बाई, घरी कुटलेलं उटणं घेऊन पहाटे वर आल्या. परदेशातून पोर आलीय, पहिली आंघोळ मीच घालणार म्हणाल्या. पाट, रांगोळी, तेल, सगळं साग्रसंगीत. मी दाराशीच होते. काकू पोरीच्या हातापायांना उटणं चोळत होत्या, अगदी मायेने, आणि तितक्याच मायेने म्हणत होत्या, रोज लावत जा गं मंजुळा, निघेल हळूहळू, बघ कशी उजळेल. मंजुळा टॉवेल घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. काकू गेल्यावर रेवा टॉवेलमधून तोंड बाहेर काढून म्हणाली, "आजी, काय निघेल?"

"तेल, बाळा. तेल निघेल," मंजुळा म्हणाली.

त्या दिवशी फराळाची ताटं भरताना ती एवढंच म्हणाली, की पोरीला मराठी येतंय म्हणून मी पेढे वाटले होते... कुमुदकाकूंना आपण काही वावगं बोललो हे कधी कळलंही नसेल. त्या पुढेही दर दिवाळीला रेवासाठी म्हणून उटण्याची पुडी देत राहिल्या आणि मंजुळा ती घेत राहिली.

चारेक वर्षांनी केदारच्या कंपनीने विचारलं, ठाण्याच्या ऑफिसला काही वर्षं येतोस का? आणि घर कुठे बघितलं, तर कोलशेतला! जिथे मंजुळा लहानपणी चिखलात निवट्या धरायची, तिथून दगड मारला तर पोचेल एवढ्यावर ते टॉवर. अबेना तर एका पायावर तयार. रेवाला आजी मिळेल, मला सासू, असं म्हणायची. मंजुळाला मी इतकी आनंदात कधी बघितलेली नाही. फ्लॅट बघायला मला घेऊन गेली. खिडकीतून खाडी दिसत होती, तर खिडकीपाशी उभी राहून ती दुसऱ्यांदा लग्न ठरल्यासारखी लाजत होती. रोज संध्याकाळी रेवाला शाळेतून आणायचं, येताना भावाकडे डोकवायचं, शनिवार-रविवार डोंबिवलीला... सगळं ठरवून झालं होतं.

पण जन्मभर मास्तरीण ना! म्हणाली, रेवासाठी तिथली शाळा बघून येऊ. आत नाही गेली. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभी राहिली. मी म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, वस्ती. मुलं बाहेर आली. तमिळ, बंगाली, गुजराती, पंजाबी, आपली. मी म्हटलं, बघ, आख्खा देश आहे की गं. ती मान हलवत राहिली. मग एका झाडाखाली एक मणिपूरची बाई उभी होती, तिच्याकडे गेली. जवळच्या पार्लरमध्ये काम करणारी. तिची मुलगी ठाण्यातच जन्मलेली, तुमच्या-माझ्यासारखी मराठी बोलणारी. मुलगी फाटकातून बाहेर पडली तशी मागून दोन-तीन पोरं ओरडली, ए चायनीज, बाय! वाईट पोरं नव्हती, हसत होती, हात हलवत होती. मुलीनेही हात हलवला. मंजुळाने त्या बाईला विचारलं, रोज असंच म्हणतात का? बाई म्हणाली, "आदत हो जाती है, आंटी."

 परत घराशी आल्यावर मंजुळा म्हणाली, मलाही झालेली ना गं सवय. तेव्हाच मला कळलं, आता ही त्यांना इथे येऊ देणार नाही. मी जाम भांडले तिच्याशी. अगं मुलं ती, चार दिवस चिडवतील नि पाचव्या दिवशी खेळायला बोलावतील. आणि तू असशील ना इथे! आजी असताना पोरीला कसली भीती? जन्मभर आपण याच लोकांत राहिलो, आपल्याला काय खाल्लं का कुणी?

"आजी वर्गात बसत नाही, सुमे," ती म्हणाली. फोनमधला रेवाच्या बर्मिंगहॅमच्या वर्गाचा फोटो तिने मला दाखवला. गोरी, गव्हाळ, काळी, पिवळटसर, डोक्याला रुमाल बांधलेली, पगडीवाली, सगळी दाटीवाटीने बसलेली. रेवा शोधायला मला चष्मा लावावा लागला. मंजुळा म्हणाली, "बघ, शोधावी लागते. तिथेही दुष्ट माणसं असतील, नाही असं नाही. पण तिथे ती रेवा आहे. इथे ती नुसती 'ती' होईल. काळी ती. मला माहितेय ना ते."

मग खरं कारण सांग त्यांना, मी म्हटलं. तेही तिला नको होतं. सुनेला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाली, की माझ्या माणसांत तुझी मुलगी आणू नकोस? त्या रविवारी माझ्यादेखत तिने फोन लावला आणि हसत हसत सांगितलं, की येऊ नका बाबांनो, माझं एकटीचं छान चाललंय, या वयात मला पसारा नको. फोन ठेवल्यावर मंजुळा ओट्यापाशी गेली आणि स्वच्छ धुतलेला ओटा पुन्हा धुवायला लागली. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. अजूनही मला वाटतं, ती चुकली. आणि अजूनही मला ती मुलगी हात हलवताना दिसते... मग वाटतं, कुणास ठाऊक.

त्यानंतरची वर्षं ती फोनवर जगली. संध्याकाळचा फोन झाला की तिचा दिवस संपायचा. लेकाने इथे फ्लॅट घेतला म्हणून मी टिटवाळ्याला आले, तेव्हा तिने विचारलंच, वस्ती कशी आहे? मी म्हटलं, छान, सगळे आपल्यातलेच. "म्हणजे जपून राहा," असं म्हणून हसली. तेच शेवटचं खळखळून हसणं मी ऐकलं. नंतर भेटलो तेव्हा थकलेली वाटली. रेवाची उंची भिंतीवर हाताने दाखवत म्हणाली, एवढी झाली असेल आता. फोनवर उंची कळत नाही गं, म्हणाली.

केदार, अबेना, रेवा आले, तेराव्यापर्यंतचे दिवस झाले. केदार कागदपत्रांसाठी बाहेर गेला होता, अबेना आणि मी मंजुळाची खोली आवरत होतो. माझं इंग्रजी कचेरीपुरतं, तिचं मराठी "हो, नाही, बस" एवढं. तरी काम चाललं होतं. कॉट पुढे ओढली तर भिंतीकडच्या लोखंडी गजाला काळ्या लोकरीचे झुपके बांधलेले. एक नाही, एकाशेजारी एक, पार टोकापर्यंत. मला वाटलं, वेडीने काहीतरी विणायला घेतलं असेल. अबेना गजापाशी वाकली. त्या वेण्या होत्या. आपल्या नव्हेत, अबेना आणि रेवा घालतात तशा, बारीक, एकीला चिकटून एक. या टोकाच्या सुतळीसारख्या सैल, मध्ये जरा बऱ्या, आणि त्या टोकाच्या इतक्या घट्ट, इतक्या नाजूक, की अबेना त्यांवरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, ती मला फोनवर विचारायची, भांग कसा पाडायचा, कुठलं बोट खालून घालायचं... आता-आतापर्यंत विचारायची. मला वाटायचं, म्हातारी माणसं, वेळ जायला विचारतात.

रेवा दारात उभी होती. अकरा वर्षांची, आईसारखी उंच. मला मराठीत म्हणाली, "सुमनआजी, आजीला आम्ही पसारा होतो ना?"

मी तिला सगळं सांगितलं. मंजुळाने सांगू नको म्हटलं होतं, तरी सांगितलं. शाळेचं फाटक, ती मुलगी, खाडीवरून शाळेत येणारी तिची आजी, सगळं. आजीला तू हवी होतीस, म्हणूनच नको म्हणाली, असं म्हणताना माझा मलाच राग आला, इतकं ते वेड्यासारखं वाटत होतं. रेवाने ऐकून घेतलं. रडली नाही. गजावरच्या त्या शेवटच्या वेणीला तिने हात लावून बघितला. मग डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, मंजुळाच्या कॉटवर मी बसले होते तिथे आली आणि माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसली, मुली वेणी घालून घ्यायला बसतात तशी.

मी तिच्या केसांवर हात ठेवला. मला ती वेणी येत नाही. मंजुळाला येत होती.