बंदुकांचं माहेरपण

आमच्या मावशीच्या यजमानांइतका हवेवर डूख धरून बसलेला माणूस सातारा-सांगलीच्या मुलखात दुसरा झाला नसेल. इतरांची वैरं भावकीशी असतात, बांधाच्या दगडाशी असतात, सोसायटीच्या चेअरमनशी असतात. काकांचं वैर हवेतल्या ओलीशी होतं. सकाळी अंगणात आल्यावर सगळा गाव आभाळाकडे बघायचा. काका दाराच्या कडीकडे बघायचे. कडीवरून बोट फिरवायचे, ते अंगठ्यावर घासायचे आणि आत वळून म्हणायचे, "आज लय हाय." मग त्या दिवशी मावशीनं माजघरात ओलं लुगडंसुद्धा झटकायचं नाही.

काका फौजेत आर्मरर हवालदार होते. म्हणजे बंदुका चालवणारे नव्हेत, बंदुका नीट ठेवणारे. पेन्शन घेऊन इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी आले ते एक दुनळी बंदूक, पीकसंरक्षणाचा परवाना आणि हे वैर घेऊन. त्यांनी पहिली मोठी खरेदी केली ती सांगलीतल्या एका बंद पडलेल्या पेढीच्या लिलावात: पुरुषभर उंचीची लोखंडी तिजोरी. ती बैलगाडीतून उतरवायला आठ माणसं लागली. एवढ्या तिजोरीत काका काय ठेवणार म्हणून गाव जमला, तर काकांनी तिच्यात आपली बंदूक उभी केली, दार लावलं आणि सगळ्यांना चहा पाजला.

तिजोरी बाहेरच्या भिंतीला लावायची नाही, कारण भिंत पावसात पाणी पिते. जमिनीवर टेकवायची नाही, कारण भुई घाम सोडते. म्हणून ती माजघराच्या मध्यावर बाभळीच्या चार ठोकळ्यांवर उभी राहिली आणि घरातली माणसं जन्मभर तिला वळसा घालून चालली. आत खालच्या कप्प्यात वाडग्यात चुनकळी, कारण ती ओल ओढून घेते. तळाशी झिरोचा एक बल्ब रात्रंदिवस जळता, कारण उबेत ओल धरत नाही. मीठ आणि लोणच्याच्या बरण्या माजघरातून कायमच्या हद्दपार. मावशी म्हणायची, "घरात एकच दिवा चांगला हाय, त्यो बंदुकीला. आमी आपलं कंदिलावर." बंदुकीबरोबर आलेलं चामड्याचं म्यानही काकांनी पहिल्याच दिवशी बाहेर काढलं. कातडं ओल धरून ठेवतं, त्यात बंदूक ठेवणं म्हणजे तिला ओल्या गोधडीत झोपवणं. त्या म्यानात पुढं मावशीची छत्री राहिली.

दर गुरुवारी तिजोरी उघडायची. काका जुन्या धोतराचे शिवलेले हातमोजे चढवायचे, नळीतून कोरडी चिंधी फिरवायचे, मग तेलाची. तेल थोडं. याबाबतीत त्यांचा कटाक्ष एवढा, की गावातल्या एका निवृत्त नाईकानं आपली बंदूक तेलानं न्हाऊ घातलेली पाहून ते भर चावडीत ओरडले होते, "आरं गड्या, तेल लावायचं असतंय, तळायची न्हाई!" आणि बंदूक ठेवायची ती तोंड खाली करून. नाहीतर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं.

त्याच नाईकापासून ती प्रथा सुरू झाली. मृग लागला की गावातले परवानेवाले चौघं निवृत्त फौजी आपापली बंदूक काकांकडे आणून द्यायचे. पावसाळाभर पाचही बंदुका त्या तिजोरीत तोंड खाली करून शेजारी शेजारी उभ्या. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मालक येऊन त्यांना पूजेसाठी घरी न्यायचे. मावशी याला बंदुकांचं माहेरपण म्हणायची. "माझ्या लेकीला येवढं माहेरपण घडलं न्हाई," असंही म्हणायची. निघताना प्रत्येक बंदुकीच्या नळीतून काका एकदा उजेडाकडे बघायचे. आत आरशासारखी चकाकी दिसली की मालकाच्या हाती द्यायचे. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या एकाही नळीला त्यांच्या ताब्यात डाग पडला नव्हता. त्या माणसाची सारी अब्रू एवढ्यावर उभी होती, हे मला तेव्हा कळत होतं. कळत होतं, हेच तर वाईट आहे.

या बंदुका कुणावर चालायच्या म्हणाल, तर कुणावरही नाही. रानडुकरांवरसुद्धा नाही. एक बार काढला की तीन दिवस सफाई, म्हणून काकांनी चौघांनाही जवळजवळ शपथ घातली होती. डुकरं आमच्या मावशीचा ऊस निवांत खायची. बहात्तरच्या दुष्काळात सगळा मुलूख होरपळत असताना दाराची कडी वर्षभर कोरडी ठणठणीत राहिली. काकांनी एकदा मला हळूच सांगितलं होतं, "लोखंडाला बरं गेलं बघ हे साल." आणि बोलल्याची स्वतःलाच अशी लाज वाटली, की दुसऱ्या दिवसापासून ते महिनाभर गावच्या विहिरीचा गाळ काढायला विनामोबदला उतरले. एका वाक्याची लाज वाटून महिनाभर गाळ उपसणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मी स्वतः तर तो नव्हेच.

आता त्या खिळ्यांबद्दल सांगायला हवं. काकांचं मत होतं की काही माणसांच्या हाताच्या घामानं लोखंड रातोरात गंजतं आणि काहींच्या हातानं महिना झाला तरी गंजत नाही. घरी पाहुणा आला की ते त्याच्या मुठीत एक कोरा खिळा द्यायचे. चहा होईस्तोवर मूठ मिटून ठेवायची. मग खिळ्याला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधून तो खिडकीत. दुसऱ्या सकाळी निकाल. शाळेचे गुरुजी पहिल्या नंबरानं पास. सरपंच नापास. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला मुलीचे वडील आले, तर काकांनी त्यांच्याही हातात खिळा दिला. मावशी आतून दात-ओठ खात होती. दुसऱ्या दिवशी खिळा बघून काकांनी निरोप धाडला: मुलगी पसंत आहे, फक्त व्याह्यांनी बंदुकीला हात लावायचा नाही.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो आणि पत्रकं लिहीत होतो. इतरांची पोरं कथा-कादंबऱ्यांवर वाढतात, मी पत्रकांवर वाढलो. स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं माझ्याच अक्षरात कोरायचो आणि सायक्लोस्टाइल करून बाजारात वाटायचो. सरंजामशाही हा शब्द मला इतका आवडायचा की पत्रक दुधाच्या भावावर असलं तरी तो तिसऱ्या ओळीत यायचाच. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात मी मावशीकडे सुट्टीला गेलो आणि काकांनी माझ्याही मुठीत खिळा दिला.

सकाळी नाईक, गुरुजी आणि आणखी दोघं ओसरीवर चहा पीत असताना काकांनी तो खिळा वर धरला. तांबडा भडक. "गड्या, हे बघा! येका रातीत! असला गंजका हात मी फौजंतसुदा बघितला न्हाई." सगळे हसले. मीही हसलो. काका मायेनं म्हणाले, "तू लिव्ह बाबा, कागुद काय गंजत न्हाई. पर माझ्या तिजोरीपास्नं चार हात लांब."

एवढ्यावरही मी सावरलो असतो. पण दुपारी त्यांनी गुरुवारची तिजोरी उघडली आणि मला दिसलं की पाचही बंदुकांची तोंडं माझ्या पत्रकांवर टेकलेली आहेत. उरलेला गठ्ठा मी मावशीकडे ठेवला होता, तो काकांनी नळ्यांचं ओघळलेलं तेल टिपायला पसरला होता. 'श्रमिकांनो, जागे व्हा' यावर नाईकाची बंदूक उभी होती आणि 'जागे'वर तेलाचा रुपयाएवढा डाग होता.

"तुजी पत्रकं लय कामाची हाईत रं," काका मनापासून म्हणाले. "वर्तमानपत्रापरास जास्त तेल पित्यात. आनकी असली तर आन."

मी सांगलीला परत आलो आणि त्याच रात्री नवी स्टेन्सिल घेतली. 'गावोगावची ही शस्त्रागारे कुणासाठी?' असा मथळा दिला. एका निवृत्त सैनिकाच्या तिजोरीत दुसऱ्यांच्या बंदुका दडवल्या आहेत, त्या उद्या कुणाच्या छातीवर रोखल्या जातील याचा ऊसतोडणी कामगारांनी विचार करावा, असं लिहिलं. नाव नाही दिलं काकांचं, गावाचं मात्र दिलं. खाली सही 'एक जागरूक तरुण'. हे तत्त्वासाठी आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते तत्त्वासाठी नव्हतं. ते त्या खिळ्यासाठी होतं, चार माणसांच्या हसण्यासाठी होतं, आणि तेलाच्या त्या डागासाठी होतं.

पत्रक कुणीतरी पोलीस ठाण्यावर नेऊन दिलं. श्रावणात जीप आली. दुसऱ्यांच्या बंदुका ठेवण्याचा परवाना काकांकडे अर्थातच नव्हता. पाचही बंदुका मुद्देमाल म्हणून उचलल्या. पुढचं मला मावशीनं सांगितलं. काका भांडले नाहीत, घाबरले नाहीत. फौजदारांनी पंचनामा करून बंदुका गोणपाटात गुंडाळल्या, सुतळीनं बांधल्या आणि गाठीवर लाखेचं सील मारलं, तेव्हा मात्र काका हात जोडून पुढं झाले.

"सायेब, न्या. मलाबी न्या. पर तेवढं गोणपाट काढा. त्यात ओल धरती."

"सील केलंय, हवालदार. कोर्टाच्या हुकमाशिवाय निघायचं नाही."

"मग आठवड्यातनं येकदा पुसू तरी द्या."

फौजदार हसले. त्यांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

त्यानंतर दर गुरुवारी काका एस.टी.नं तालुक्याला जायला लागले. पिशवीत तेलाची डबी, चिंध्या आणि हातमोजे. ठाण्याच्या व्हरांड्यात दिवसभर बसायचे. एका शिपायाला कणव येऊन त्यानं ठाण्याच्या रायफली पुसायला दिल्या. काकांनी त्या इतक्या लख्ख केल्या म्हणे, की शिपायांना त्या उचलायची भीती वाटायला लागली. पण कोठीच्या कोपऱ्यात, गळक्या कौलांखाली गोणपाटातल्या पाच वळकट्या तशाच. काकांनी एकदा स्वतःच्या खर्चानं चुनकळीचा वाडगा नेऊन ठेवला तिथं.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. पत्रकं वाटायला म्हणून त्या तालुक्याच्या गावी गेलो होतो. पाऊस कोसळत होता. व्हरांड्यात काका उकिडवे बसले होते आणि ठाण्याच्या दाराच्या कडीवरून बोट फिरवून अंगठ्यावर घासत होते. मी चार पावलं पुढं गेलो असतो तर पुष्कळ झालं असतं. मी एस.टी. स्टँडच्या संडासाच्या भिंतीआड उभा राहिलो आणि पुढची गाडी आल्यावर तिच्यात चढलो. काखेत श्रमिकांना जागं करणारी शंभर पत्रकं होती.

त्या वर्षी खंडेनवमीला चौघांच्या घरी विळे-कोयते पुजले. काकांनी पाटावर नुसती तेलाची डबी मांडली. बंदुका सुटल्या त्या दिवाळीनंतर, सगळ्यांना ताकीद देऊन. काकांनी गोणपाट सोडलं आणि एकेक नळी उजेडाकडे धरली. तेल आणि तांब्याचा जुना पैसा घेऊन त्यांनी महिनाभर गंज घासला. तांबं मऊ, ते पोलादाला ओरखडत नाही. वरचा गंज निघाला, आतले खड्डे राहिले. तीन वाचल्या. नाईकाची आणि त्यांची स्वतःची वाचली नाही. काका नाईकाच्या दारात गेले आणि म्हणाले, "माझ्या ताब्यातनं खराब झाली. ही आता उडवू नगंस, नळी फुटंल." नाईक म्हणाला, "आवं, बसा, च्या घ्या." काका बसले नाहीत. पुढच्या मृगात कुणी बंदूक आणली नाही. तशी ताकीदच होती. पण काकांनी त्या दिवशी तिजोरी उघडून ठेवली होती, असं मावशी म्हणाली.

मी तिकडं दोन वर्षं फिरकलो नाही. परीक्षा, चळवळ, तब्येत. माझ्याकडे कारणांची टंचाई कधीच नव्हती. गेल्या वर्षी काका-मावशी मुलाकडे शिरवळला राहायला निघाले, मुलगा तिथं कारखान्यात आहे. मावशीचं पत्र आलं: सामान बांधायला ये. तेव्हा गेलो.

काकांनी आपली बंदूक आणि परवाना आधीच सरकारजमा केला होता. तिजोरी रिकामी होती, तरी आतला बल्ब जळत होता. मी तिच्यापासून सवयीनं चार हात लांब उभा राहिलो. मग माझ्यानं राहवेना.

"काका, ते पत्रक..."

"ठावं हाय."

"कसं?"

"आरं, दोन म्हयनं पाच बंदुका तुज्या अक्षरावर हुब्या हुत्या. फौजदारानं कागुद दाखवला तवाच वळाकलं."

"मग तुम्ही फौजदारांना सांगितलं नाही? मला बोलला नाहीत?"

काका तिजोरीत हात घालून काहीतरी चाचपत होते. "फौजदाराला कशापायी सांगायचं? घरचं पोरगं. आनि तुला बोलायला तू आलास कवा?" एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोयीचं झालं असतं.

त्यांनी तेलकट कापडाची एक पुरचुंडी बाहेर काढली. आत सगळ्या गावाचे खिळे होते, चिठ्ठ्या बांधलेले. गुरुजींचा, सरपंचांचा, व्याह्यांचा. त्यातला एक त्यांनी चिमटीत धरून माझ्यापुढं केला. चिठ्ठीवर त्यांच्या फौजी अक्षरात माझं नाव होतं. आणि खिळा कोरा करकरीत होता. तांबडा ठिपका नाही. कधीतरी कुणीतरी तो तांब्याच्या पैशानं घासला होता आणि त्यानंतर, बंदुका नव्हत्या तेव्हासुद्धा, दर गुरुवारी पुसला होता.

"घे," काका म्हणाले. "शिरवळला कुठं नेऊ येवढं?"

मी हात पुढं केला आणि मागं घेतला. मग खुंटीवरचे त्यांचे हातमोजे काढून चढवले आणि तो खिळा घेतला. काका बघत होते. त्यांनी वाकून तिजोरीतला बल्ब बंद केला आणि जाता जाता दाराच्या कडीवरून बोट फिरवलं.