महाल दिसला की उठायचं

पाथर्डी रस्त्याने नगरला येताना डोंगराच्या माथ्यावर एक उंच दगडी इमारत दिसते. शहरातले लोक तिच्या इतिहासावरून वाद घालतात, त्याच रस्त्यावरचे आम्ही तिसगावकर तिला नुसता महाल म्हणतो. आणि महाल दिसला की आमची माणसं एसटीत पिशव्या उचलून उभी राहतात. नगर अजून बरंच लांब असतं, मध्ये भिंगार असतं, पण नाही, उभं राहायचं म्हणजे राहायचं. लहानपणी मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं होतं, बसून यायला काय होतं? ते म्हणाले, "महाल दिसला म्हंजी नगर आलंच की." यावर काय बोलणार, कपाळ?

हेच आप्पा मागच्या वर्षी विहिरीवर घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नगरला झालं आणि ते तिथेच सावेडीत माझ्या फ्लॅटवर राहायला आले. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता चालायलाच पाहिजे, नाहीतर अंथरूण कायमचं. आप्पांनी मात्र पलंग धरला तो धरलाच. वॉकरने बाथरूमपर्यंत जायचे, तेवढंच. दिवसभर एकच धोशा, "मला गावाला सोड." मी म्हणायचे, "चालायला लागा, उद्या सोडते." की भिंतीकडे तोंड.

मी काय काय केलं नाही? जवळच्या बागेत नेलं, तर म्हणाले, "हितं समदी म्हातारीच हिंडत्यात." जसे काही स्वतः पंचविशीतले. किल्ल्याच्या खंदकाजवळ नेलं, तिथे गाडीतून उतरलेच नाहीत. घरी येऊन मी त्यांना ताडताड बोलले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. उभ्या उन्हात नांगर धरणारा माणूस डोळ्यांदेखत पलंगाला चिकटत चालला होता, ते मला बघवत नव्हतं.

एका रविवारी चिडूनच म्हटलं, "चला, महालावर जाऊ."

"तिथं काय बघायचंय? जन्मभर बघतोय."

"खिडकीतून. वर कधी गेलात?"

त्यांनी वॉकर पुढे ओढला. गेले नव्हते कधीच.

गाडी वरपर्यंत जाते. वर वारा भन्नाट होता. मी दार उघडून वॉकर समोर ठेवला, आप्पा जागचे हलले नाहीत. मग मीही नाद सोडला आणि एकटीच कडेला जाऊन उभी राहिले. खाली करंजीकडून येणारा रस्ता दिसत होता आणि त्यावर एक लाल एसटी.

"आप्पा, आपल्याकडची गाडी आली."

"तिसगावची का शेवगावची?"

"मला काय माहीत? तुम्हीच बघा."

थोड्या वेळाने मागे वॉकरची टकटक ऐकू आली. मी वळले नाही. वळले असते तर ते माघारी जाऊन बसले असते, मी ओळखते त्यांना. धापा टाकत ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. एसटी डोंगराखाली आली तसे एकदम हसायला लागले.

"आता समदे उठले असतील बघ पिशव्या घेऊन. नगर कुठं अन् ही कुठं. येडी हाईत आपली मानसं."

पडल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. मला इतका आनंद झाला की मीही हसत सुटले.

मग दर रविवारी महाल, आणि मधल्या दिवशी ती म्हाताऱ्यांची बागसुद्धा. पुढे वॉकर सुटला, काठी आली. डॉक्टरांनी गावी जायला होकार दिला तेव्हा मी गाडी काढत होते, तर आप्पा म्हणाले, एसटीनंच जायचं.

भिंगार मागे पडलं. डोंगरावर महाल दिसला आणि आप्पा काठी टेकून, पिशवी घेऊन उठले.

"बाबा, बसा," कंडक्टर म्हणाला, "तिसगावला लई वेळ हाय अजून."

"म्हाईत हाय मला," आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या उभं."

कंडक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी माझी पिशवी उचलली आणि आप्पांच्या शेजारी उभी राहिले.