हवालातीतला दवाखाना

"मॅडम, इथं हवालात लिहिलंय. दवाखाना कुठंय?"

भूमी अभिलेख कार्यालयातल्या आमच्या साहेबांनी जुन्या नोंदीची नक्कल माझ्यापुढे सरकवली. टेबलापलीकडे सखुबाई उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नव्हत्या.

मी भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणारी. सखुबाई माझ्याच माहेरच्या गावच्या; गंगाखेडहून पालमकडे जाताना ते गाव लागतं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या आहेत. गावाला जनावरांचा दवाखाना मंजूर झाला होता, पण जागा पशुसंवर्धन खात्याच्याच नावावर हवी होती. नाहीतर दवाखाना दुसऱ्या गावाला जाणार. सखुबाईंनी अर्ज दिला की गावाबाहेर पूर्वी जनावरांचा दवाखाना होताच, ती जागा घ्या. रेकॉर्ड म्हणत होतं, तिथं हवालात होती. हवालात म्हणजे पोलीस कोठडी. म्हणून जागा पोलिसांच्या नावावर लागलेली.

आता गंमत अशी की मी त्या दवाखान्यासमोर लहानाची मोठी झाले. लाल कौलं, फिनेलचा वास, बैलाला औषध पाजताना दोन्ही बाजूंनी आवळणारा लाकडी खोडा. शाळेला दांडी मारून मी तो खोडा बघत उभी राहायचे. इमारत कधी पडली ते मात्र मला सांगता येत नव्हतं. लग्न होऊन गेले, नंतर एकदा आले तेव्हा तिथं बाभळी होत्या.

मी हे सगळं साहेबांना सांगितलं.

"आठवण सातबाऱ्यावर चढत नाही, मॅडम," ते म्हणाले. "आणि खाली वाचा. खोडा एक, हौद एक. कैद्यांचे पाय अडकवायला खोडा, पाणी प्यायला हौद. सगळं जुळतंय."

खोडा बैलांनाही लागतो, असं मी म्हटलं. लागतो, पण तसं लिहिलेलं नाही, हे त्यांचं उत्तर. माणूस वाईट नव्हता. आठ दिवस दिले आणि जाऊन बघा म्हणाले.

बाहेर आल्यावर सखुबाई पहिल्यांदा बोलल्या. मागच्या साली त्यांच्या गाभण मेंढीचं पोट फुगलं. एसटीत कंडक्टर घेईना. टेम्पो मिळेपर्यंत ऊन चढलं आणि मेंढी गंगाखेडच्या अलीकडेच गेली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी रोव्हर घेऊन जागेवर गेले. रोव्हर म्हणजे उपग्रहावरून हद्द दाखवणारं काठीवरचं यंत्र. त्याने मला चार कोपरे बरोबर दाखवले, पण कोपऱ्यांच्या आत काहीच नव्हतं. दगड कधीच लोकांनी नेलेले. गावातल्या बऱ्याच पायऱ्या सरकारी दगडाच्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही.

सखुबाई काठीने काटे बाजूला सारत चालत होत्या. एका जागी थांबल्या, टाचेने माती उकरली.

"इथं हाय बघ, माय."

ऑफिसात मी मॅडम होते, गावात आल्यावर माय झाले. खाली सिमेंटची कड लागली. कुदळीने माती काढत गेलो तसा हौद मोकळा झाला. लांबलचक, पण रुंदीला दोन माणसं शेजारी उभी राहणार नाहीत असा. एका तोंडाला उतार, दुसऱ्या तोंडाला चढ. गोचीड मारायचं औषध या हौदात भरायचे. मेंढी इकडून उतरायची आणि भिजून तिकडून चढायची.

"साहेबाला इचार," सखुबाई म्हणाल्या, "कैद्यायला पवायला लावायचे काय ह्यात?"

मी हौदाची मापं घेतली, नकाशा काढला. साहेबांनी तो बराच वेळ बघितला आणि हसले. "मला पटलं," म्हणाले, "पण फाईलला कागदच पटतो." आमची नक्कल मराठी. मूळ नोंद निजामाच्या काळातली, उर्दूत. ती परभणीच्या रेकॉर्ड रूममध्ये, लाल कापडाच्या बस्त्यात बांधलेली. परवानगी काढली, बस्ता सुटला. पण मला उर्दू म्हणजे काळं अक्षर म्हशीबरोबर. म्हणून युनूस सरांना बरोबर नेलं होतं. ते उर्दू शाळेतले निवृत्त शिक्षक.

सरांनी बोट न लावता ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"मॅडम, ये हवालात नहीं है. हैवानात है. शफाखाना हैवानात."

मी म्हटलं, हैवान म्हणजे राक्षस ना?

"तुमच्या मराठीत राक्षस. उर्दूत साधं जनावर. जनावरांचा दवाखाना, बस." लिहिणाऱ्याने घाईत नुकते सोडले होते. नुकते म्हणजे अक्षराखालचे-वरचे ठिपके. ते नसले की हे दोन शब्द जवळजवळ सारखे दिसतात. शफाखाना हा शब्द ओळीच्या टोकाला फाटक्या घडीत गेलेला. मराठी नक्कल करणाऱ्याने खालचा खोडा वाचला असेल आणि हवालात लिहून मोकळा झाला असेल.

सरांनी वाचन लिहून दिलं. दुरुस्तीचा प्रस्ताव मी तयार केला. त्यात एक रकाना असतो, चुकीची नोंद कोणी तपासली. जुनी मराठी नोंद कॉम्प्युटरवर चढली तेव्हाचा कागद काढला. खाली तपासणाऱ्याची सही होती. माझी.

तेव्हा दिवसाला ढीगभर नोंदी यायच्या. मी फक्त गट नंबर बघत होते. ज्या खोड्यापुढे शाळा बुडवली, त्याच्यावर मी हवालात म्हणून सही केली आणि मला काही आठवलं नाही. लाज वाटली. रकान्यात माझं नाव लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि खाली सही केली.

नोंद दुरुस्त झाली आणि दवाखाना गावातच राहिला. जोत्याचं काम सुरू आहे. हौद तोडू नका, असं सखुबाईंनी इंजिनिअरला बजावलंय.

सहीचं मी त्यांना जाऊन सांगितलं. त्या मेंढीचे खूर बघत होत्या, मान वर केली नाही.

"मला वाचता येत न्हाई म्हनून मी जागा पायानं धुंडली," म्हणाल्या. "तुला वाचता येतंय, माय. तू वाचत जा."

आता मी सही करण्याआधी प्रत्येक नोंद पूर्ण वाचते. रोजचं काम संध्याकाळपर्यंत संपत नाही.