खाट कोणी वाजवली

आमच्या घरात ही गोष्ट वहिनी सांगते तेव्हा प्रोफेसरसाहेब खाटेवरून खाली पडतात. ते पडले नव्हते. मी शेजारीच उभा होतो, आणि त्या दिवशी तोंडावर पडायचं काम माझ्याकडे होतं.

त्या वेळी मी पुण्याच्या एका कॉलेजात राज्यकारभार शिकवत असे. सरकारचं धोरण ठरतं कसं आणि खेड्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं काय होतं, असा तो विषय. मुलं वर्गात झोपत, पण अदबीनं झोपत. शिवाय युनिव्हर्सिटीसाठी माझा सामाजिक समतेवरचा प्रबंध चालू होता. पाहणीसाठी मी आमचाच भाग निवडला: तापीकाठची सपाटीवरची गावं आणि हंगामाला सातपुड्यातून खाली कामाला येणारी माणसं. निवडीची कारणं शास्त्रीय आहेत, असं प्रबंधात लिहिलंय. खरं कारण असं की जेवण घरचं मिळे.

फाल्गुनात आमचे मार्गदर्शक प्रोफेसर म्हणाले, "एकदा तुमचं क्षेत्र बघायला येतो." त्यांनी मान हलवली तर काम पुढे चालू, नाही तर पुण्याला परत. अडचण अशी की समतेवर लिहिणाऱ्याच्या अंगणात पहाडातल्या गड्याला पाणी वरून ओतून दिलं जाई. मी आईला गाठलं. "या वेळी पाणी तू द्यायचं. तांब्या त्याच्या हातात द्यायचा. बसायला खाट."

आईनं बोलणंच टाकलं. मग एका दुपारी भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणाली, "देसू पानी. तू इतला शिकना, काहीतरी व्हईच त्यामा."

सातपुड्यातल्या काठी गावाकडचा एक गडी बायकोला घेऊन दर वर्षी आमचा गहू कापायला येई. त्या हिवाळ्यात तिला असा ताप भरला होता की मळ्यातल्या झोपडीत ती ओळख विसरून पडली होती. वडिलांनीसुद्धा आशा सोडली होती. पण ती उठली. होळी जवळ आली तशी दोघं घरी निघाली आणि नेमकी प्रोफेसरांच्या देखत निरोप घ्यायला अंगणात आली. तो पुढे, ती पार फाटकाशी. मला ते अंतरही खुपलं. बायकोला मागे ठेवतो! मनातल्या मनात प्रबंधाचं एक प्रकरण वाढलं.

खाटेवर प्रोफेसर बसले होते. बाजूला जागा होती. "बस इथं," मी त्याला म्हणालो.

तो जमिनीवर उकिडवा बसला. "नको दादा. पालनी शे."

आता सपाटीवरच्या आमच्या घरांत पाळायची म्हणून एकच गोष्ट ठाऊक, शिवाशिव. मला वाटलं, हा आमच्याच घरची रीत आम्हाला सांगतोय. मग मला स्फुरण चढलं. "या घरात कुणी काही पाळत नाही!" मी एवढ्यानं ओरडलो की गोठ्यातल्या बैलांनी माना वर केल्या.

"किती खोल रुजलंय, बघा," प्रोफेसर हळहळले.

त्या शब्दांनी मला आणखीच जोर आला. मी त्याचा दंड धरला आणि ओढू लागलो. तो माझ्या दुप्पट ताकदीचा, पण मालकाच्या मुलाला झिडकारायचं कसं, म्हणून अर्धवट उठला, मागे सरला, खाट पाठीशी येईपर्यंत सरला. तेवढ्यात आई दारातून तांब्या घेऊन निघाली, पदर खोचलेला, चेहरा लढाईला निघाल्यासारखा. फाटकाशी त्याची बायको काहीतरी ओरडली. तिच्या लोकांवर मी प्रबंध लिहीत होतो, पण तिचा एक शब्द मला कळला नाही.

आणि खाट करकरली.

आई जागीच थांबली, मला म्हणाली, "भाऊ, सोड त्याना हात." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "कसानी पालनी?"

त्यानं हनुवटीनं फाटकाकडे दाखवलं. "इन्हासाठे."

मोडक्या अहिराणीत त्यानं सगळं सांगितलं. बायको तापानं फणफणत होती तेव्हा त्यानं नवस केला होता, की ही उठली तर काठीच्या होळीला बावा होईन, मोरपिसं डोक्याला लावून, कमरेला घुंगरं बांधून नाचेन. तोवर खाटेवर बसायचं नाही. आपलं अन्न आपण रांधायचं. बाईच्या हातचं पाणी नाही, आपल्या बायकोपासूनही दूर राहायचं. हे मोडलं तर नवस फिटत नाही. न फिटलेल्या नवसाचं काय होतं, ते त्यानं सांगितलं नाही. फक्त पुन्हा फाटकाकडे पाहिलं.

आईनं तांब्या चटका बसल्यासारखा खाली ठेवला. "सोळा सोमवारले मन्हासंगे बी तू असंच कयं व्हतं," ती मला म्हणाली, कारण तिचा उपासही मी असाच मोडायला निघालो होतो. मग त्याला विचारलं, "तू बठना का?"

"ठाऊक नही, माय." तो खाटेकडे बघत म्हणाला. "टेकनू व्हईन. खाट वाजनी ना."

फाटकाशी बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ओढणारा मी, आणि तो टेकला की नाही ते मलाही सांगता येईना.

प्रोफेसरांना अहिराणी येत नव्हती. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं. मी मराठीत सांगितलं. त्यांचे कान लाल झाले.

"अहो, खाट मी वाजवली! त्यांना जागा द्यायला सरकलो मी. ते कुठं टेकले? मधे हातभर जागा होती!" आणि पुरावा म्हणून ते परत सरकले. खाट करकरली.

"अजून एकदाव," आई म्हणाली.

प्रोफेसर पुन्हा सरकले. तोच आवाज. आई त्यांना इकडून तिकडे सरकवत राहिली आणि युनिव्हर्सिटीचे ते थोर विद्वान टोपी सावरत सरकत राहिले. शेवटी फाटकाशी बाई खुदकन हसली, मग तिचा नवरा हसला, आणि मग मीही.

स्टेशनवर जाताना प्रोफेसर म्हणाले, "काम पुढे चालू ठेवा. आणि ते 'खोल रुजलंय' मी म्हणालो नव्हतो, असं समजा."

होळी झाल्यावर राहिलेल्या कामाला दोघं परत खाली आली. त्याच्या कानामागे अजून बावाची राख होती. या वेळी बायको बरोबरीनं चालत होती. कुणी म्हणायची वाट न बघता तो खाटेवर बसला, चांगला भार टाकून. "आते बठस," म्हणाला. खाट करकरली, पण कोणी वाजवली ते कुणी विचारलं नाही.

"माय, पानी!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. हातात तांब्या द्यायची तिची कबुली प्रोफेसरांपुरती होती आणि प्रोफेसर तर केव्हाच पुण्याला पोचले होते. मी गप्प राहिलो, हे माझ्या हातून त्या साली घडलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. ती आत गेली, तांब्या भरून आणला आणि त्याच्या हातात दिला. तो घटाघटा प्याला, उरलेलं बायकोला दिलं. ती त्याच्या शेजारी टेकून सावकाश पाणी पीत राहिली.

मी खाली जमिनीवर बसलो. खाटेवर जागाच उरली नव्हती.