खाली मारणारं रिव्हॉल्व्हर

पाचही गोळ्या खाली लागल्या होत्या. सगळ्या एकमेकींना चिकटून, चहाच्या कागदी कपाखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. पण मधल्या काळ्या ठिपक्यापासून चांगली चार बोटं खाली. मी रेंजवरून टार्गेटचा कागद काढला आणि तसाच उभा राहिलो. 

रिव्हॉल्व्हर अबू राशिद यांचं होतं. त्यांचं नसतं तर मी निमूट रिपोर्ट लिहिला असता.

मी रत्नागिरीच्या बाजूचा. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. दुबईत आलो तो क्रीकवरच्या, म्हणजे तिथल्या खाडीतल्या, लाँचची इंजिनं दुरुस्त करायला. तिथे अबू राशिद यांनी एकदा मला इंजिन उघडताना पाहिलं. मी काढलेले स्क्रू फडक्यावर ओळीने मांडून ठेवतो, माझी सवय आहे. त्यांनी नुसतं विचारलं, "हमेशा ऐसा करता है?" मी हो म्हणालो. काही दिवसांनी त्यांनी मला त्यांच्या मित्राच्या बंदुकांच्या दुकानात आणून उभं केलं. आज माझी मुलगी गावाकडे नर्सिंग शिकते आहे, ती त्या एका प्रश्नामुळे. त्यांना मी हाजी म्हणतो. ते मला मिस्तरी म्हणतात. या जुन्या अमिराती माणसांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आमचं दुकान लायसन्सवालं, मागे गोळी मारून बघायला स्वतःची रेंज. जुनं हत्यार विकत घेण्याआधी ते तपासून रिपोर्ट द्यायचा. एरवी ते काम आमचे फिलिपिनो आर्मरर, म्हणजे हत्यारांचे कारागीर, करतात. ते रजेवर होते, म्हणून मी. आणि पहिलंच हत्यार हाजींचं.

सकाळी त्यांनी ते फडक्यातून काढून माझ्यापुढे ठेवलं होतं. डोळ्यांना आता दिसत नाही, मुलांना आवड नाही, म्हणून विकायचं. म्हणाले, "मेरा है इसलिए मीठा मत लिखना, मिस्तरी. जो देखा वो लिखो." मग रिव्हॉल्व्हरवर हात ठेवून म्हणाले, "ये जिधर देखता है, उधर मारता है."

मी तपासायला घेतलं. आधी रिकामं आहे ना ते पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. मग स्क्रूंची डोकी. ती कुरतडलेली असली की समजायचं, कोणीतरी घरी बसून उघडलंय. इथे एकही ओरखडा नव्हता. गोळ्यांचं फिरतं चाक, म्हणजे सिलिंडर, बोटाने हलवून पाहिलं. खिळखिळं नव्हतं. घोडा सावकाश मागे ओढला. घोडा पूर्ण मागे यायच्या आत सिलिंडर जागेवर घट्ट बसायला हवं, नाहीतर गोळी नळीत सरळ शिरत नाही, तिचा तुकडा बाजूला उडतो. सिलिंडरच्या प्रत्येक घराला तसंच झालं. टक. टक. टक. नळीत दिवा धरला तर आतले आटे आरशासारखे. बाहेरून मात्र रंग उडालेला, कातड्याच्या म्यानाने घासून घासून. त्याने किंमत थोडी कमी होते, हत्याराचा जीव जात नाही.

मग पुढची मक्खी. नेम धरायची ती खूण. नळीच्या टोकाला एक पातं, त्याला आम्ही मक्खी म्हणतो, आणि मागे वरच्या लोखंडातच कोरलेली खाच. नव्या टार्गेट पिस्तुलांत मागची खाच स्क्रूने सरकवता येते. या जुन्यांत स्क्रूच नाही. फिक्स्ड साइट. कारखान्यातून जशी आली तशी जन्मभर. म्हणून असं हत्यार घेताना नुसतं बघून चालत नाही, मारून बघावं लागतं. नेम चुकत असेल तर किंमत अर्धी.

आणि मारलं तर हे असं.

"काय रे इकबाल, पास की नापास?" वैद्य साहेब मागे येऊन उभे होते. आमचे मॅनेजर. पुण्याचे, राहायला डिस्कव्हरी गार्डन्सला, खरेदीचा सगळा कारभार त्यांच्याकडे.

"साहेब, खाली मारतंय."

"खाली म्हणजे किती? इंचात नको, दिरहममध्ये सांग."

मी टार्गेटचा कागद पुढे केला. तेच बोलले, "चांगलं असतं तर चार हजार दिरहम. म्हणजे आपले लाखभर. असं असेल तर दोन, आणि तेही म्हाताऱ्याच्या मानाखातर. त्यांना सांगणार कोण? तू."

"साहेब, खाली मारणारं दुरुस्त होतं," मी म्हणालो. "वर मारणारं वाईट. मक्खी थोडी घासली की गोळी वर जाते."

"मग घास की! दोन मिनिटांचं काम. हाजींना कळणार पण नाही. त्यांचाही मान राहील, तुझाही रिपोर्ट गोड."

खरं सांगतो, मला ते पटलं. मी रिव्हॉल्व्हर बाकावरच्या वाइसच्या जबड्यात चामडं घालून पकडलं. बारीक कानस घेतली. मक्खीवर ठेवली. आणि माझा हात पुढे जाईना. लोखंड घासलं की घासलं, परत चिकटत नाही. शिवाय खरेदीच्या कागदावर अजून सही नव्हती, वस्तू हाजींचीच होती. मी मुळात घाबरट माणूस. गॅस बंद केला का ते बघायला रूमवर दोनदा परत जाणारा.

"साहेब, एकदा त्यांना विचारतो."

"विचार बाबा, विचार. तुझं विचारून झालं की मला उठव."

हाजी पुढे दुकानात गाहवा, त्यांची अरबी कॉफी, पीत बसले होते. मी टार्गेटचा कागद त्यांच्या हातात दिला आणि जमिनीकडे बघत म्हणालो, "हाजी, नीचे मार रहा है."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांना ठिपकाही नीट दिसला नसावा.  मग हळूच म्हणाले, "तो मैंने झूठ बोला?"

 या माणसाने माझ्यासाठी शब्द टाकला होता, माझ्याकडे कसलीही खात्री न मागता. आणि मी त्याच्या शब्दाला भोक पाडून आणलं होतं.

एकदम त्यांनी मान वर केली. "गोली कौन सी दी?"

मी रेंजवरचा काडतुसांचा डबा आणला. त्यांनी मूठभर काडतुसं हातावर घेतली, दोनदा वरखाली केली. नुसत्या तळहाताने तोलली. आणि हसले.

"खलास. ये तो बच्चों का खाना है. हल्की है. इसको पुरानी वाली दो, भारी."

खरंच होतं. रेंजवर नवशिक्यांना धक्का कमी बसावा म्हणून आम्ही हलक्या गोळ्या ठेवतो. गोळीचं शिसं सातेक ग्रॅमचं. जुनी वापरातली गोळी दहाच्या आसपास. तीन ग्रॅमचा फरक या माणसाला हाताने कळला होता.

पण माझ्या डोक्यात शिरेना. जड गोळी तर आणखी खाली जाणार! मागोमाग आलेले वैद्य साहेब तर मराठीत म्हणाले, "जड वस्तू वर जाते म्हणे. हाजींना कॉफी चढली."

"क्या बोला ये?" हाजींनी विचारलं.

"बोला, इन्शाल्ला."

"हां, इन्शाल्ला. यल्ला, चलो, मारो."

स्टोअरमध्ये जड गोळ्यांचा डबा मिळाला. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवलं, तोच नेम धरला, केसभरही वर नाही. पाच मारल्या. कागद तारेवरून सरकत जवळ आला तेव्हा मी बंदूक खाली ठेवून कानावरचे आवाज अडवणारे मफ काढले. काय ऐकायचं होतं कुणास ठाऊक. पाचही भोकं काळ्या ठिपक्यात होती.

वैद्य साहेबांनी चष्मा काढून पुसला. "परत मार," एवढंच म्हणाले. परत मारलं. परत तिथेच.

हाजींनी मला समजावलं ते असं. गोळी सुटते तेव्हा धक्क्याने नळीचं तोंड वर उचललं जातं. हलकी गोळी चपळ, तोंड उचलायच्या आत निघून जाते. जड गोळी सावकाश, ती नळीत थोडी जास्त थांबते, तेवढ्यात नळी वर झालेली असते. म्हणून ती वर लागते. माझा विश्वास बसेना म्हणून मी रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत पितळी काडी घातली आणि वर खाचेपासून मक्खीपर्यंत पट्टी ठेवली. नेम सरळ, आणि काडी खाली झुकलेली! म्हणजे नेम धरला की नळी मुळात खालीच बघत असते. बनवणाऱ्याने गोळीचं वजन, माणसाच्या हाताला बसणारा झटका, पापणी लवायच्या कितीतरी आधी संपणारा तो क्षण, सगळं आधीच धरलं होतं आणि त्या हिशोबाने एक पातं बसवून टाकलं होतं. स्क्रू ठेवलाच नाही. लागणारच नव्हता. मी कितीतरी वेळ ती काडी आणि पट्टी धरून बसलो होतो.  अशा वस्तूवर मी कानस ठेवली होती. मक्खी घासली असती तर ती वस्तू तिच्या खऱ्या गोळीने कायमची वर मारत राहिली असती, आणि ते दुरुस्त होत नाही.

मी नवा कागद हाजींना दिला. या वेळी त्यांनी तो डोळ्यांजवळ नेलाच नाही. टेबलावर पसरला आणि बोटांनी चाचपला. मधला ठिपका छापलेला, बोटाला लागणारा नव्हता. मी त्यांचं बोट धरून मध्यावर ठेवलं. तिथेच भोक होतं.

"उधर ही मारता है," ते म्हणाले.

"उधर ही, हाजी."

रिपोर्ट लिहिला. रंग उडाल्याबद्दल थोडे पैसे कमी, कारण मीठा लिहायचं नव्हतं. बाकी पूर्ण किंमत. वैद्य साहेबांनी मुकाट्याने सही केली. हाजींनी जाताना एकच अट घातली, आणि ती मी ट्रिगरच्या कडीला चिठ्ठी बांधून पाळली: याला जड गोळी द्यावी.

आता कोणतंही जुनं रिव्हॉल्व्हर आलं की मी आधी मालकाला विचारतो, हे आजवर काय खात होतं. मारून बघणं त्यानंतर. आणि कानस मी बाकावर ठेवत नाही. खालच्या खणात ठेवतो, तीही मागे, म्हणजे काढायला वाकावं लागतं आणि तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो.